आईची चकली पूर्वीसारखी लागत नाही

पत्र

मी ४७ वर्षांची आहे. माहेर सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात, लग्नानंतर डोंबिवलीत. दर दिवाळीला आई फराळाचा डबा पाठवते. गेली काही वर्षं तिची चकली मला पूर्वीसारखी लागत नाही. संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा मुद्दाम लहानपणीच्या बेकरीतली खारी आणली, शाळेसमोर बसणाऱ्या बाईंकडून बोरं घेतली. तेही सगळं सपकच वाटलं. नवरा म्हणतो, वय झालं तुझं. माझा अकरा वर्षांचा मुलगा मात्र आजीच्या चकल्यांवर तुटून पडतो. गेल्या दिवाळीत मी फोनवर बोलून गेले, "आई, चकली काही जमली नाही गं या वेळी." ती गप्पच झाली. आता म्हणते, "पुढच्या वर्षी विकतच आणा." माझी जीभ बदलली की आईचा हात? आणि आता तिच्याशी काय बोलू?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला, पण त्याच्या उत्तराकडे जायची वाट आधीच्या प्रश्नातूनच जाते. जीभ बदलली की हात? दोन्ही बदललंय. शिवाय तेल बदललंय, बोराचं झाड बदललंय आणि तुमची भूक बदललीय. घास तोंडात टाकला की हे सगळं एकदमच जाणवतं, म्हणून नेमकं काय कमी पडतंय ते सांगता येत नाही आणि दोष जवळच्या माणसावर जातो. एकेक गोष्ट वेगळी करून बघू. यातलं काही दुरुस्त होण्यासारखं आहे, काही नाही, आणि एखादी गोष्ट तर परत न आलेलीच बरी.

जिभेचं आधी उरकते. जिभेवरच्या रुचिकलिकांमधल्या पेशी दहा-पंधरा दिवसांत जुन्या जाऊन नव्या येत असतात. वयानुसार हे काम थोडं मंदावतं, पण ४७ हे काही चव जाण्याचं वय नव्हे, एवढं यजमानांना जरूर सांगा. मोठेपणी जास्त बदलते ती आवड. वाढत्या वयातल्या मुलांना गोडाची ओढ मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि साधारण पंधरा-सोळाव्या वर्षानंतर ती उतरते. कडूचं उलटं. मेथीची भाजी किंवा कारलं मुलांना खरोखरच जास्त कडू लागतं, ती उगीच तोंड वाकडं करत नाहीत. म्हणून लिमलेटची गोळी आज तोंडात टाकली की नुसती साखर लागते आणि ज्या कारल्याच्या भाजीवरून आपण आईशी भांडलो, ती आता आपण मागून घेतो. गोळ्या, जेली, बर्फाचा गोळा यांच्या बाबतीत जीभ बदलली हे उत्तर बऱ्याच अंशी पुरतं. चकलीला ते पुरत नाही, कारण चकलीची खरी चव नाकात असते.

घरी एकदा करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरून चकलीचा तुकडा चावा. मीठ कळेल, तिखट कळेल, कुरकुरीतपणा कळेल. पण ती चकली आहे की जाडी शेव, हे सांगणं अवघड जाईल. आता नाक सोडा. तीळ, ओवा, भाजलेली डाळ, तेल सगळं एका क्षणात येतं. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो आणि आपण त्यालाच चव म्हणत असतो. मेंदूत वास जिथे पोचतो ती जागा भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांना अगदी लागून आहे. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक करून आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असं अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळलंय. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तरी लोकलमधून तिथून जाणाऱ्या कित्येकांना तो भाजक्या बिस्किटांचा वास अजून आठवतो. तुमच्या डोक्यातली चकली अशीच पक्की बसलेली आहे. आजच्या चकलीत त्या वासातला एखादा धागा कमी पडला तरी नाक लगेच नाही म्हणतं. तेव्हा तुमची तक्रार खोटी नाही. तुम्हाला जाणवतंय ते खरं आहे.

आता आईकडे येते. तिचं वय तुम्ही लिहिलं नाही, पण सत्तरीच्या आसपास असावं. साठीनंतर माणसाचं नाक मंदावत जातं. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांची वास ओळखण्याची शक्ती बरीच कमी झालेली दिसली होती. हे इतकं हळूहळू होतं की त्या माणसाला स्वतःला पत्ताच लागत नाही. आणि चकलीची भाजणी हे निव्वळ नाकाचं काम आहे.

भाजणी कशी होते ते तुम्ही लहानपणी पाहिलंच असेल. चार वाट्या तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेला, दोन वाट्या हरभरा डाळ, वाटीभर उडीद डाळ, धणे, जिरे. घराघरात प्रमाण थोडं इकडेतिकडे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. तांदूळ हलका होऊन किंचित फुलतो, हरभरा डाळीवर गुलाबी रंग चढतो. इथपर्यंत डोळ्यांनी कळतं. पण उडीद डाळीचा कच्चा वास जाऊन खमंगपणा कधी आला, हे फक्त नाक सांगतं, आणि अर्धा मिनिट पुढे गेलं की तीच डाळ करपट होते. धणे-जिऱ्याचं तर आणखीच नाजूक. त्या खमंगपणामागे प्रथिनं आणि साखर तापल्यावर होणारी जी प्रक्रिया आहे, तिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये केलं. आपल्या आज्यांना ती कढईच्या वासावरून कळत होती. आता विचार करा, तुमच्या आईला तो वास पूर्वीच्या निम्म्याने येत असेल तर काय होईल? एक तर ती डाळ लवकर उतरवेल, करपायची धास्ती असते म्हणून. नाहीतर वासाची वाट बघत जास्त भाजेल. दोन्हींत चकली बिघडली असं कुणी म्हणणार नाही. काटा छान येईल, नळी पोकळ पडेल, रंगही येईल. फक्त तुमच्यासारख्या, त्याच चकलीवर वाढलेल्या माणसाला कुठेतरी कमी वाटेल.

त्यात आपल्याकडची आणखी एक रीत. बऱ्याच घरांत देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय फराळातलं काही तोंडात घालत नाहीत. म्हणजे मीठ, तिखट, हिंग सगळं हाताच्या अंदाजाने आणि पिठाच्या वासावरून. हा अंदाज पन्नास-पन्नास वर्षं बिनचूक चालतो, याचं मला फार अप्रूप आहे. पण त्यात नाकाचा वाटा मोठा असतो, आणि कुणाला रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं असेल तर तो हात नकळत सगळ्याच पदार्थांत आखडतो. तुमच्या आईच्या हाताला काही झालेलं नाही. ज्या नाकाच्या भरवशावर तो हात चालत होता, ते थोडं थकलंय.

आणि सगळा भार तिच्या नाकावरही टाकू नका, कारण कढईतलं तेल वेगळं आहे. तुमच्या लहानपणी सांगलीकडे तळणाला घाण्यावरचं शेंगतेल किंवा करडईचं तेल असायचं. त्या तेलाला स्वतःचा वास होता, आणि चकली तळताना तो चकलीत उतरायचा. आज बहुतेक घरांत रिफाइंड तेल आहे. रिफाइंड करताना शेवटच्या टप्प्यात निर्वात भांड्यात तेल २०० अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात आणि त्याचा सगळा वास काढून घेतात. तेल स्वच्छ दिसतं, टिकतं, पण चकलीला देण्यासारखं त्याच्याकडे काही उरत नाही. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली तेव्हापासून विकतच्या फरसाणात तर पामोलिनच जास्त दिसतं. मोहनालाही तेच तेल, तळणालाही तेच. माझ्या मते तुमच्या चकलीतला सर्वांत मोठा फरक इथेच आहे, आणि तो दुरुस्त करणं सगळ्यांत सोपं.

डब्याचा प्रवास विसरू नका. दिवाळीच्या गर्दीत कुरिअर आठ-आठ दिवस रेंगाळतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा आणि उजेड लागत, चकलीतलं तेल खवट होऊ लागतं. खवटपणा नीट कळण्याआधीच खमंगपणा मेलेला असतो. तुम्ही लहानपणी जी चकली खायचात ती आदल्या दिवशी तळलेली, वरच्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातली. तुमचा मुलगा खातो ती प्रवास करून आलेली असते, तरी त्याला आवडते, कारण आजीची चकली म्हणजे हीच, असं त्याचं नाक आत्ता शिकतंय.

खारीची गोष्ट निराळी. त्या काळची बेकरीतली खारी वनस्पती तुपात व्हायची. ते घट्ट तूप मैद्याच्या घड्यांमध्ये नीट थर धरायचं, म्हणून ती पापुद्र्यापापुद्र्याने सुटायची. त्याच तुपात ट्रान्स फॅट भरपूर होतं आणि ते हृदयाला घातक, हे पुढे पक्कं झालं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. बेकऱ्यांना तूप बदलावं लागलं. आता पामतेलापासून केलेली घट्ट चरबी जास्त वापरली जाते. ती कधीकधी तोंडात पुरती वितळत नाही आणि टाळूला मेणासारखा थर बसतो. तुम्हाला सपक वाटलं ते बहुधा हेच. या चवीसाठी मात्र हळहळू नका. ती गेली ते चांगलं झालं असं मला मनापासून वाटतं. खारी खायचीच असेल तर लोण्यात केलेली शोधा. महाग पडेल, पण थर सुटतील.

बोरांचं थोडक्यात सांगते. शाळेसमोर मिळायची ती गावठी झाडाची बोरं, चन्यामन्या: गर कमी, आंबट-तुरट, अंगठ्याच्या नखाएवढी. आता टोपलीत बहुतेक कलमी झाडांची उमराण किंवा गेल्या काही वर्षांत आलेली ॲपल बोरं असतात. मोठी, पाणीदार, गोडसर. फळच दुसरं आहे. त्यात लहानपणी कित्येक मुलांना दात आंबतील इतकं आंबट आवडतं, ती आवडही आता राहिलेली नाही. माळावरच्या झाडाची बोरं मिळाली तर आणा, थोडं मीठ लावा आणि मुलाला द्या. तुम्हाला दोन-तीनच पुरतील.

आणि भूक. याबद्दल लोक लगेच मनाचे खेळ म्हणून बोलतात, पण भूक शरीराची असते. उपाशीपोटी गोड आणि खारट दोन्ही जास्त रुचतं. दिवसभर उंडारून आलेल्या मुलीला, वर्षातून एकदाच होणारी चकली, तीही मोजून दोन मिळणार, शेजारच्या घरी ताट पोचवून आल्यावर मिळणार! आज तुम्ही चकली खाता ती चार वाजताच्या चहाबरोबर, आणि त्याआधी ऑफिसात कुणीतरी फोडलेलं चिवड्याचं पाकीट फिरून गेलेलं असतं. चकली बाराही महिने दुकानात लटकलेली असते. खारट खाण्याची सवय जीभेला चढत जाते. जितकं जास्त खाऊ तितकं साधं मीठ कमी वाटू लागतं. पाकिटातलं खाणं कमी केलं की दोन-तीन महिन्यांत ही सवय उतरते, हे तपासून पाहिलेलं आहे. दिवाळीच्या आधी एवढं करता आलं तर करा. श्रावण लागला की वेफर्स-फरसाण बंद करून टाका. आईची चकली पहिल्या घासाला वेगळी लागेल, असं मला वाटतं.

तब्येतीचा एक मुद्दा सांगून ठेवते. तुम्हाला फक्त लहानपणीचेच पदार्थ वेगळे लागत असतील तर काळजी नाही. पण रोजची आमटी, कॉफी, आंबा सगळंच फिकं लागत असेल, किंवा बदल एकाएकी झाला असेल, तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. जुनी सर्दी, सायनस, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या, झिंकची कमतरता, पाळी जाण्याच्या काळात कोरडं पडणारं तोंड अशी बरीच कारणं निघू शकतात. मिश्री किंवा तंबाखूने तर चव बिघडतेच.

आईच्या बाबतीत मी याहून जास्त आग्रह धरेन. गावातल्या घरात ती एकटी असेल आणि तिचं नाक खरंच मंदावलं असेल, तर चकलीपेक्षा गॅसची काळजी आधी करायला हवी. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. तो तिला येतो का? दूध लागलेलं, फोडणी जळलेली तिला वासावरून कळते का, की शेजारीण सांगते तेव्हा? पुढच्या भेटीत हिंगाची डबी, कापूर, लवंग तिच्यापुढे धरून सहज विचारा. फारच कमी वास येत असेल तर डॉक्टर दाखवा, गॅसची नळी बदलून घ्या आणि गळती झाल्यावर वाजणारा गजर बसवून घ्या.

आता बोलायचं काय. "विकतच आणा" हे तुमच्या आईचं मत नाही, ती दुखावलीय. इतक्या दिवाळ्या जिच्या चकलीला कुणी नाव ठेवलं नाही, तिला लेकीने फोनवर एका वाक्यात नापास केलं. तुमच्या मनात तसं नव्हतं हे मला कळतं, तिलाही बहुधा कळत असेल. पण आता उलट टोकाला जाऊन "अगं छानच होती गं, मीच उगाच बोलले" असंही म्हणू नका. तिला खोटं लगेच ओळखू येईल आणि पुढे तुमच्या कौतुकावरही तिचा विश्वास बसणार नाही. खरं तेच बोला: "आई, त्या दिवशी मी बोलले ते तुला लागलं. चकली बिघडली नव्हती. मला लहानपणची आठवते तशी लागली नाही, आणि त्यात तेलाचा, माझ्या जिभेचा, कुरिअरचा सगळ्यांचाच हात आहे. या वर्षी भाजणीला मी येते. मला शिकव." शेवटची दोन वाक्यं नुसती म्हणण्यापुरती नकोत, जायचंच आहे.

गेलात की आचेजवळ तुम्ही बसा. कढई तिने हलवावी, वास तुम्ही घ्यावा. "आई, अजून कच्चा वास येतोय," "आता आला बघ खमंग," एवढं बोलत राहा. ती नजरेने आणि हाताने बरोबर सांभाळेल, नाकाचं काम तुमचं. यात तिला कमीपणा वाटायचं कारण नाही. तिची आईही शेवटी-शेवटी तिलाच विचारत असेल, "बघ गं, झालं का?" सोबत स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा न्या. तिची वाटी म्हणजे नेमकी कोणती वाटी, ती भरून किती ग्रॅम तांदूळ, तिच्या मुठीत किती धणे मावतात, चिमूट-चिमूट करत घातलेलं मीठ शेवटी किती झालं, हे सगळं लिहून घ्या. मोहनाचं तेल किती गरम करते ते विचारू नका, पिठावर ओतल्यावर कसा आवाज येतो ते ऐका. पाणी उकळून घालते की कोमट, तेही बघा. यातलं बरंचसं तिला स्वतःला सांगता येणार नाही, कारण ते ती शब्दांत कधी बोललेलीच नाही.

लाकडी घाण्याचं शेंगतेल आता सांगली-मिरजेकडे आणि डोंबिवलीतही मिळतं. अर्ध्या चकल्या त्यात तळा, अर्ध्या नेहमीच्या तेलात. गार झाल्यावर डोळे मिटून खा, मुलालाही खायला लावा. नैवेद्य झाल्यावर अर्थातच. तेलाचा वाटा किती आणि आठवणीचा किती, हे तिथल्या तिथे कळेल. घाण्याच्या तेलात केली तरी लहानपणची चकली हुबेहूब येईल असं वचन मी देत नाही. अकरा वर्षांच्या मुलीची भूक कुठल्याच घाण्यावर मिळत नाही. पण बरीच जवळ येईल. आणि येताना तुमचा वाटा कुरिअरने न पाठवता घट्ट झाकणाच्या डब्यात स्वतःच घेऊन या.

एकच व्यावहारिक गोष्ट राहिली. रजा लक्ष्मीपूजनाला धरून टाकू नका. भाजणी दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी होते, दसरा झाला की. आईला विचारून गिरणीत दळण टाकायचा दिवस पक्का करा आणि त्याच्या आदल्या दिवशी माहेरी पोचा.